मिलिटरी ट्रेलर आणि पाच भोकांची चाकं

१९ सप्टेंबर, गुरुवार

आला. शेवटी ट्रेलर आला.

खडकीच्या एका भंगारवाल्याकडून घेतला. अस्सल मिलिटरी माल. हिरवा रंग अजून शाबूत, बाजूला पांढरे आकडे. पत्रा असा की हातोडी मारली तर हातोडीला पोचा यावा. मी वीस वर्षं फौजेत काढली ती असल्या मालाच्या सान्निध्यात. (स्टोअरला होतो. ब्लँकेट, बूट, तंबू. पण ट्रेलर रोज समोरून जायचे.) गावात मला सगळे मेजर म्हणतात ते उगाच नाही.

ट्रेलर स्वतःच्या चाकावर न येता ट्रकमधून आला, यावर निमगावात फार चर्चा झाली. टायर जुने आहेत, चिरले आहेत, एवढंच. जयवंतानं, म्हणजे आमच्या हिनं, दोन्ही हात कमरेवर ठेवून बघितलं आणि विचारलं, "ह्या ट्रॉलीचं करायचं काय?"

ट्रॉली नाही. ट्रेलर. ट्रॉली ट्रॅक्टरला असते.

करायचं काय ते सरळ आहे. आमच्या नर्सरीत उसाची रोपं तयार होतात. पाटी माझ्या नावाची आहे, मेजर हायटेक नर्सरी. बाकी बारीकसारीक कामं जयवंता, सूनबाई सुप्रिया आणि तानूबाई बघतात. तानूबाई जयवंताची लहानपणची मैत्रीण, तिच्याबरोबरच कामाला असते. यंदा भवानीनगरच्या विजयसिंह आबांची मोठी ऑर्डर आली आहे. दसरा झाला की रोपं पोचवायची. दर वेळी टेंपोवाल्याच्या हातापाया पडायचं. यंदा नाही. आज त्याला फोन करून सांगितलं, तू येऊ नकोस.

संकल्प: दसऱ्याच्या आत ट्रेलर रस्त्यावर.

२० सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे उठून तपासणी करायची होती. साडेनऊला केली. टायर वाळलेल्या भाकरीसारखे झालेत.

बारामतीला जाऊन टायरवाल्याला साईज सांगितली. त्यानं कागद बघितला, मग मला बघितलं. म्हणाला, "मेजर, ही साईज तुमच्याबरोबरच रिटायर झाली."

दुकानातली चार टाळकी हसली. धंदा असा करतात होय? मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. शिस्त.

निर्णय: दुसरी चाकं बसवायची. माझ्या जीपची दोन जादा चाकं गोठ्यात पडून आहेत. चाक म्हणजे चाक. गोल असलं की झालं.

२२ सप्टेंबर, रविवार

उजवं चाक निघालं. थोडी ताकद लागली, पण निघालं.

डाव्याचे नट हट्टी. पान्यावर पाईप चढवला. हलेना. पाईपावर उभा राहिलो. हलेना. मग पाईपावर उडी मारली. तेव्हा एक बोल्ट मुळातून तुटला. चांगला आवाज आला. दुसऱ्यालाही तसंच केलं, तोही तुटला. एकूण चार तुटले.

धातू थकलेला असणार. अशा वेळी जुने बोल्ट तुटलेलेच बरे, नाहीतर रस्त्यात दगा देतात. एका अर्थी मोठा धोका टळला.

कंबर धरली आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार

सुप्रिया मोबाईलमध्ये बघून म्हणाली, "मामा, जुन्या मिलिटरी गाड्यांना डाव्या बाजूचे आटे उलटे असत्यात. तुमी काल सोडवत नव्हता, आवळत होता."

हे मला ठाऊक होतं. त्या वेळी आठवलं नाही, इतकंच. शिवाय पोरगी बीएस्सी ॲग्री. तिचा विषय पानं आणि मुळं. लोखंडाचं तिनं मला सांगायचं?

राहिलेले दोन नट उलटे फिरवले. लगेच सुटले. ते आधीच सैल झाले असणार.

२५ सप्टेंबर, बुधवार

जीपचं चाक ट्रेलरला लावून बघितलं. चाकाला पाच भोकं. ट्रेलरचं चाक बसतं त्या हबला सहा बोल्ट.

बराच वेळ बघत बसलो. मोजायची चूक होऊ शकते म्हणून पुन्हा मोजले. जयवंता ट्रेमध्ये रोपांसाठी कोकोपीट भरता भरता लांबून विचारत होती की काय झालं. काही नाही म्हटलं.

एकाच देशात पाच भोकांची आणि सहा भोकांची अशी दोन चाकं का असावीत? कुणाचा कुणाला मेळ नाही. सगळीकडे हेच चाललंय.

२६ सप्टेंबर, गुरुवार

माणूस सापडला. झुंबर. बारामतीच्या अलीकडे इंदापूर रोडला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. मी सगळं सांगितलं. बाकीच्यांसारखा तो हसला नाही, की उलट प्रश्नही विचारले नाहीत. तंबाखू मळली आणि म्हणाला, "हुन जाईल, मेजर."

किती दिवसांनी कुणीतरी असं बोललं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

त्याची योजना: हबला नवीन पाच भोकं पाडायची. सोपं आहे.

घरी सांगितलं. जयवंता म्हणाली, "टेंपोवाल्याला बोलावून ठिवा की. ट्रॉली झाली तर झाली." मी म्हणालो, दोन दोरांवर चालणारा डोंबारी पडतो. ती म्हणाली, "डोंबारी एका दोरावरनंबी पडतो."

या घरात पुढचा विचार करणारा मी एकटा.

३० सप्टेंबर, सोमवार

झुंबरनं भोकं पाडली. तीन बरोबर आली. दोन जरा सरकली. पाचापैकी तीन बोल्ट बसतात.

तो म्हणाला, "तीन बास हायत." मी विचारात पडलो. तीनवर धकेल असं मलाही वाटलं, पण तेवढ्यात सुप्रिया आली, चाक हातानं हलवलं आणि ते हललं. तिनं ते परत एकदा हलवलं. म्हणून मीच म्हणालो की तीनवर चालणार नाही, दर्जाशी तडजोड नको.

झुंबर रागावला नाही. म्हणाला, सहा भोकांची चाकं बघू. मोठ्या मनाचा माणूस.

आता हबला एकूण अकरा भोकं आहेत. वजन कमी झालं, हा फायदा.

६ ऑक्टोबर, रविवार

भंगारात सहा भोकांची दोन चाकं मिळाली. कुठल्या तरी टेंपोची. टायरही बरे. सहा म्हणजे सहा, मी तिथंच मोजली. घरी येईपर्यंत शीळ घालत होतो.

बसेनात. भोकं जुळतात, पण चाकाचं मधलं मोठं भोक लहान आहे, हबचं नाक त्यातून आत जात नाही. लेथवर कापून मोठं करावं लागेल. लेथवाला म्हणतो, खंडेनवमी तोंडावर आली, आता मशीन धुऊन पूजेला ठेवणार, दसऱ्यानंतर या.

या देशाची प्रगती का होत नाही ते लिहायला वही पुरणार नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

ट्रेलर विटांवर उभा आहे. तरी शस्त्रपूजेला झेंडूचं तोरण घातलं, हळदकुंकू वाहिलं. तानूबाई म्हणाली, "मेजर, चाकं नसंना का, द्येव पावला तर उडंल." बायका किती तरी वेळ हसत होत्या. जयवंतासुद्धा.

एका मजूर बाईनं घरच्या धन्याला असं बोलावं? मी जयवंताला तसं म्हणालो. ती म्हणाली, तानू मजूर न्हाय.

रोपं तयार झाली आहेत. हिरवीगार, कमरेत ताठ, परेडला उभी असल्यासारखी. माझ्या नर्सरीचा मला अभिमान वाटतो. विजयसिंह आबांचा फोन आला, सऱ्या पाडून रान तयार आहे, कधी आणताय. मी म्हणालो, दोन दिवसांत, स्वतःच्या ट्रान्सपोर्टनं. 'ट्रान्सपोर्ट' या शब्दाचा परिणाम झाला असावा. त्यांनी पुढं काही न विचारता फोन ठेवला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बसली! चाकं बसली!! डाव्या बाजूला झुंबरनं नवे बोल्ट मारले, सरळ आट्यांचे. सगळं आवळलं. उलटे आटे वगैरे भानगड आता संपली.

फक्त चाकं मूळच्यापेक्षा लहान असल्यामुळे ट्रेलर जरा खाली बसला आहे. जीपला जोडला की पुढून नाक वर आणि मागून ढुंगण जमिनीला, अशी पोझिशन येते. पाणी पिणाऱ्या उंटाच्या उलटं. माल मागं सरकेल, पण मागं फळी आहेच.

दुपारी ट्रायल. बाजारापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवर ट्रेलरचं मागचं बूड टेकलं ते टेकलंच. जीप पुढं ओढतेय, ट्रेलर जागचा हलत नाही. मागं एसटी. एसटीच्या मागं उसाची बैलगाडी. कंडक्टर खाली उतरला आणि म्हणाला, "काका, गाडा उचला."

गाडा!

शेवटी एसटीतल्या प्रवाशांनी उचलला. त्यात आमचे व्याही होते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

झुंबरनं ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून बॉडी उचलायचं काम घेतलं आहे. "उद्या" म्हणाला. हे त्यानं परवाही म्हटलं होतं, पण काल लाईट नव्हती.

जयवंता आज रोपांची पानं छाटत होती. वेळेत लावली नाहीत तर रोपं उंच होतात, मुळं ट्रेत गोल गोल गुंडाळतात, म्हणून पानं छाटून त्यांना थोपवायचं असतं. दुसऱ्यांदा छाटली. मी जवळ जाऊन म्हणालो, फौजेतही केस असेच बारीक ठेवतात. तिनं कात्री थांबवली नाही. म्हणाली, "टेंपोवाला दिवाळीच्या भाड्यात अडकलाय. मी इचारलं. दुसराबी कुणी न्हाय."

मला न विचारता टेंपोवाल्याला फोन केला तर. असो.

संकल्प: या घरातल्या अविश्वासाचा मनावर परिणाम होऊ द्यायचा नाही. रोज दहा मिनिटं प्राणायाम. उद्यापासून.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

ट्रेलर समपातळीत आला. लांबून बघितला तर डोळ्याचं पारणं फिटतं. पत्रे घासून ऑइलपेंटचा हात दिला. मागच्या फळीवर पेंटरकडून 'जय जवान' लिहून घेतलं. 'जय किसान'ला जागा उरली नाही.

शनिवारी सकाळी प्रस्थान. आबांना कळवलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. मोठी माणसं कमीच बोलतात.

प्राणायाम झाला नाही. पेंटच्या वासात करू नये.

२६ ऑक्टोबर, शनिवार. रात्री

जे घडलं ते क्रमानं लिहितो. मागाहून लोक काहीही बोलतील.

सकाळी लवकर ट्रे भरले. ट्रेवर ट्रे रचले तर रोपं दबतात, म्हणून फळ्या टाकून दोन मजले केले. वरचे ट्रे हलत होते. कुणीतरी धरायला हवं होतं. मी तानूबाईला म्हणालो, तू मागं बस. जयवंता म्हणाली, "मागं कशाला माणूस? दोरी बांधा की." दोरीनं रोपं मोडतात. मी तिला समजावलं. तानूबाई स्वतःच चढली. हे महत्त्वाचं आहे. स्वतःच चढली. जयवंता नर्सरीत राहिली. पुढं माझ्याशेजारी सुप्रिया.

झक्क निघालो. शेळगाव फाटा गेला. लोक बघत होते. एक-दोघांनी हात केला. मी सॅल्यूट ठोकला.

सुप्रिया म्हणाली, "मामा, नवीन चाकं बसवली की थोडं अंतर गेल्यावर नट परत आवळायला लागत्यात. लासुर्ण्यात थांबू." मी म्हणालो, बघू. लासुर्णं आलं. चहाच्या टपरीपाशी गर्दी होती आणि सगळे ट्रेलरकडं बघत होते. तिथं उतरून पाना घेऊन चाकाशी बसायचं म्हणजे आपणच आपल्या कामावर शंका घेतल्यासारखं. पुढं थांबू म्हटलं.

मागून तानूबाई काहीतरी ओरडत होती. पत्र्यावर हात आपटत होती. बायकांना वेग सोसत नाही. मी स्पीड थोडा कमी केला. म्हणजे करणारच होतो.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूनं एक चाक पुढं गेलं. एकटंच. चांगल्या स्पीडला होतं. मला पहिल्यांदा वाटलं, कुणाचं तरी चाक निसटलं बिचाऱ्याचं. ते रस्ता सोडून शांतपणे कालव्याच्या उतारानं गेलं आणि पाण्यात पडलं. मग जीप एकदम मागं ओढली गेली. सुप्रिया "आत्या!" म्हणून किंचाळली. तानूबाईला ती आत्या म्हणते.

ट्रेलर डाव्या कुशीवर. ट्रे रस्ताभर. समोरून मेंढरं येत होती. बिरदेव नावाचा मेंढपाळ, सुप्याकडचा, चारणीला निघाला होता. त्यानं काठी आडवी धरली, कुत्री सोडली, पण एवढी कोवळी हिरवाई रस्त्यावर वाढून ठेवलेली, मेंढरं ऐकतात होय? सगळी रोपं शिस्तीत खाल्ली.

तानूबाईच्या हाताला लागलं आहे. किरकोळ.

२७ ऑक्टोबर, रविवार

मनगट मोडलं आहे, असं डॉक्टर म्हणतात. दोन ठिकाणी. खांद्यालाही मार आहे. डॉक्टर हल्ली वाढवूनच सांगतात.

बारामतीच्या दवाखान्यात जयवंता आत, मी बाहेर. ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, डोक्याला लागलं नाही हे नशीब. तिनं माझ्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात माणसाला उत्तर देता येतं.

मग म्हणाली, "तुमी घरी जावा." मी म्हणालो, थांबतो. ती म्हणाली, "तानूला तुमी नकोय हितं."

हे तानूबाई म्हणाली की हीच म्हणाली, कळायला मार्ग नाही. एसटीनं आलो. उभ्यानं.

दोष झुंबरचा आहे. नट त्यानं आवळले. दोष रस्त्याचाही आहे. थोडा.

२८ ऑक्टोबर, सोमवार

झुंबरकडं गेलो. फैलावर घ्यायचं ठरवून गेलो होतो. तो म्हणाला, "मी म्हणलं हुतं की, पाच-सा किलोमीटरनं आवळा." म्हटलं होतं का? आठवत नाही. म्हटलं असेल तर फार हळू म्हटलं.

दुकानातून निघताना तो म्हणाला, दुसरं चाक बघतो, हुन जाईल. पहिल्यांदाच मला त्या शब्दांची शिसारी आली.

आबांनी दुसऱ्या नर्सरीतून रोपं घेतली. फोन मला नाही केला, जयवंताला केला. म्हणाले, ताई, तुमच्याबद्दल तक्रार न्हाय. 'तुमच्या'वर जोर होता, असं सुप्रिया म्हणाली.

नर्सरीतली शिल्लक रोपं वय होऊन गेली. जनावरांना टाकली. ती तीन बायकांनी महिनाभर बोटांनी वाढवली होती. (हे वाक्य सुप्रियाचं आहे. ती फोनवर राजवर्धनला सांगत होती. राजवर्धन आमचा मुलगा, चाकणला कंपनीत आहे. त्यानं माझ्याशी बोलायला मागितलं नाही.)

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

जयवंता सकाळपासून तानूबाईच्या घरी. तानूबाईचा उजवा हात प्लॅस्टरात, घरी करणारं कुणी नाही. करंज्या तिथंच तळल्या. सुप्रियाही तिकडं. राजवर्धन आला आणि तोही तिकडंच गेला. मला डबा आला.

नर्सरीचे रिकामे ट्रे अंगणात रचून ठेवलेत. मी दोन पणत्या लावल्या. वाऱ्यानं एक विझली.

ट्रेलर क्रेननं उचलून आणून परसात टाकला आहे. एका बाजूला चाक, एका बाजूला विटा. 'जय जवान' अर्धं खरवडून गेलंय.

संकल्प: पाडव्याला तानूबाईला भेटून यायचं. चूक नसताना मन मोठं करायचं.

२ नोव्हेंबर, पाडवा

गेलो होतो. गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं कुत्रं बसलं होतं. ओळखीचं नव्हतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज गेलो. कुत्रं होतं, पण गेलो.

तानूबाई दारात उन्हाला बसली होती. डाव्या हातानं लसूण सोलत होती. मी सफरचंदं नेली होती, ती खाली ठेवली. बराच वेळ मी रस्त्यांची अवस्था, भंगारवाल्यांची लबाडी, हल्लीच्या नटांची क्वालिटी, या विषयांवर बोललो. ती हं हं करत होती. मग मी म्हणालो, चाक निघेल असं कुणाला वाटलं होतं?

ती म्हणाली, "मला."

मी सफरचंदं जरा पुढं सरकवली.

"चाक हालत हुतं, मला दिसत हुतं. मी हाका मारल्या, मेजर. पत्रा बडवला. तुमी आरशात माझ्याकडं बघितलंसुदिक. बघितलं का न्हाय?"

आरसा लहान आहे जीपचा. शिवाय त्यावर धूळ असते. असं मी म्हणणार होतो.

ती म्हणाली, "चाकाचं काय न्हाय वं. लोखंड हाय, निसटतं. तुमी बघून परत पुढं बघितलं, त्ये इसरंना झालंय."

मग म्हणाली, च्या करते. एका हातानं कशी करणार? नको म्हटलं. निघालो.

बघितलं होतं. तिचं तोंड उघडं होतं आणि एक हात वर होता. मला वाटलं, लासुर्ण्यातले लोक बघतायत, आता थांबलो तर हसतील.

आज एवढंच.

१० नोव्हेंबर, रविवार

काल लिहिलेलं वाचलं. थकव्यात माणूस काहीही लिहितो. आरसा खरंच लहान आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नर्सरीची पाटी उतरवली. मला विचारलं नाही. नवीन पाटी लावली, 'जयवंता-तानू रोपवाटिका'. फोन नंबर सुप्रियाचा. मी म्हणालो, मेजर नाव हटवलं तर ब्रँड जाईल. जयवंता म्हणाली, "जाऊ द्या."

त्याहून मोठी बातमी: दोघींनी मिळून जुना छोटा हत्ती घेतला. चार चाकी, लहानसा टेंपो. चालवणार सुप्रिया. लायसन आधीच काढलंय म्हणे. कधी काढलं? ट्रेलरचं चाललं होतं तेव्हा. म्हणजे मी इथं पाच भोकं का सहा भोकं करत घाम गाळत होतो आणि या बारामतीला लायसनच्या परीक्षेत गाडीनं आठचा आकडा काढत होत्या.

यालाच विश्वासघात म्हणतात.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ट्रेलर विकला. धोरणात्मक निर्णय.

मल्हार नावाचा एक उत्साही तरुण जंक्शन गावाच्या पुढं मिसळीचं हॉटेल काढतोय. 'फौजी कट्टा'. त्याला अस्सल मिलिटरी वस्तू हवी होती. मला म्हणाला, "काका, तुमच्यासारखा माल मिळत न्हाय." माल म्हणजे ट्रेलर. मी चाकांचा इतिहास सांगायला लागलो, तर म्हणाला, "चाकांचं टेन्शन न्हाय, मी माझी लावतो."

कुठली लावणार? सहा भोकांची मोठी चाकं मिळतात तरी का? मला दोन महिने जे जमलं नाही ते हा काय करणार? हसू आलं. करू दे. ठेच लागेल तेव्हा मला फोन करेल. नंबर देऊन ठेवलाय.

ट्रेलर ट्रकवर चढवून नेला. जयवंता ट्रे धूत होती. वर बघितलं नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

मल्हारचा फोन नाही.

रोपवाटिका जोरात. नवीन ऑर्डरी. विजयसिंह आबासुद्धा जानेवारीतल्या सुरू हंगामाची रोपं घेणार आहेत. छोटा हत्ती दिवसाला दोन-दोन खेपा करतो. मी ओट्यावर बसून येता-जाता त्याच्या टायरमधली हवा नजरेनं तपासतो. बरोबर असते.

तानूबाईचं प्लॅस्टर निघालं. मूठ पूर्ण मिटत नाही. ट्रेमधलं रोप चिमटीत धरून उचलायचं असतं, ते तिला जमत नाही. ती आता हिशेबाला आणि देखरेखीला असते.

मी काही मदत करू का, असं जयवंताला विचारायचं ठरवलं होतं. ती फोनवर होती.

१२ जानेवारी, रविवार

राहवलं नाही. एसटीनं 'फौजी कट्ट्या'वर गेलो. म्हटलं, बघू तरी, चाकांचं काय केलं.

बैलगाडीची लावलीत. लाकडी. लोखंडी धाव मारलेली, आऱ्यांना लाल-पिवळा रंग. पाच भोकं नाहीत, सहा नाहीत, भोकंच नाहीत. आसाला वेल्डिंग करून टाकलीत. फिरत नाहीत. फिरायची गरजच नाही. ट्रेलर हॉटेलच्या दारात उभा, आत खताचं पोतं फोडून बोगनवेल लावलीय, वर एलईडीची माळ. लोक रांगेनं फोटो काढतायत.

दिसतो चांगला. हे लिहायला जड जातंय.

मिसळ मागवली. वेटरला म्हणालो, हा ट्रेलर माझा होता. तो म्हणाला, "पाव जादा लागल का?"

बाहेर येऊन ट्रेलरच्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिलो. पुण्याकडचं एक कुटुंब होतं. त्यातली बाई म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." बाजूला झालो. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाली, "तुम्हीच काढता का आमचा? म्हणजे सगळे येऊ." फोन हातात दिला. मी नीट उभा राहिलो, श्वास धरला, दोन काढले. तिनं बघितले. म्हणाली, "थँक यू हं. फक्त तुमचं बोट आलंय." मग वेटरला बोलावून परत काढून घेतला.

ते गेले. मी एसटीची वाट बघत बराच वेळ उभा होतो. ट्रेलरला जवळून बघितलं तर डावीकडच्या पत्र्याला आतून एक पोचा आहे. रंग दिलाय, पण पोचा तसाच आहे. तळहाताएवढा. तानूबाईनं बडवून पाडलेला असणार. मिलिटरी पत्रा आहे, त्याला सहज पोचा येत नाही.

संध्याकाळी घरी आलो. जयवंता भाकरी थापत होती. जेवला का म्हणाली. मिसळ खाल्ली म्हटलं. कशी हुती? बरी होती.

मग मी म्हणालो, आरसा लहान नाही.

कसला आरसा, असं तिनं विचारलं नाही. भाकरी उलटली. तव्यावर फुगली, ती काढली, दुसरी टाकली. मग म्हणाली, "उंद्या सुप्याला ट्रे पोचवायचं हायत. उतरवायला माणूस कमी पडतंय. मी तानूला इचारलं, तुमाला बोलवू का. व्हय म्हणाली."

मी म्हणालो, येतो. पाना आणि जॅक बरोबर घेऊ का, असंही विचारलं.

"नगं," ती म्हणाली. "नुसतं या."